वन्सं, वास येत होता

वन्सं, गाडीत पेट्रोलचा वास येत होता.

दिवसकार्य झालं, भेटायला येणाऱ्यांची रीघ आटली, आणि आज पहिल्यांदा तुमच्याशी बोलायला निवांत बसले, तर तोंडून पहिलं वाक्य हेच निघतंय. गेलेल्या माणसाबद्दल आधी चांगलं बोलावं, हे कळतं मला. पण चांगलं बोलायला अख्खी बोर्डी आहे. ताई गेल्या आणि वाडी पोरकी झाली म्हणे. ताईंनी पिकायला घातलेल्या चिकूतलं एक फळ कधी नासलं नाही म्हणे. ऐकून ऐकून माझे कान किटले. ते सगळं खरं असेल, आहेच. पण तुमच्या निळ्या गाडीत पेट्रोलचा वास यायचा हेही तितकंच खरं आहे, आणि ते तुम्ही शेवटपर्यंत कबूल केलं नाहीत.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी तुमच्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ही तुझी मोठी नणंद. हिला वन्सं म्हणायचं." तुम्ही नुकत्याच वाडीतून आला होतात, पदर खोचलेला, बोटांना चिकूचा चीक. मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "बाळूला फार तिखट चालत नाही. आणि झोपेतून उठवलंस तर चिडतो." बाळू म्हणजे माझा नवरा. नव्या नवरीला नवऱ्याची पहिली माहिती नणंदेने द्यावी, आणि तीही अशी, की वस्तू काही दिवस वापरायला देते आहे, जपून वापर. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते दुखतंच आहे. तुम्ही गेल्यावर थांबेल असं वाटलं होतं.

तुम्ही लग्न केलं नाहीत. मामंजी गेल्यावर वाडी अंगावर घेतलीत, धाकट्या भावाला मोठं केलंत, आणि तो मोठा झाल्यावरही सोडला नाहीत. केस पिकले तरी तो बाळूच. मी "अहो, अहो" करून दमायची तरी पेपरातून मान वर व्हायची नाही, आणि अंगणातून तुमची एक हाक आली की हे चपला न घालता धावायचे. झाडांना कीड लागली, व्यापाऱ्याने भाव पाडला, डॉक्टरने मीठ कमी करायला सांगितलं, कुठलीही बातमी आधी तुमच्याकडे जायची. माझ्यापर्यंत येईतो ती शिळी झालेली असायची. वर हे म्हणणार, "ताईला सांगितलंय मी," म्हणजे आता तू काही बोलायची गरज नाही.

मग तुम्ही गाडी घेतलीत. डहाणूच्या एका डॉक्टरांची जुनी, निळी, पेट्रोलवर चालणारी. तुमच्या बाळूने ती एकदा वाडीच्या फाटकातल्या नारळावर घातली आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. मी डहाणूला क्लास लावून लायसन्स काढलं, तर तुम्ही म्हणालात, "ही गाडी हट्टी आहे मीना, तुझं नाही ऐकायची." किल्ली कायम तुमच्या खुंटीवर. बसायच्या जागा पहिल्या दिवशी ठरल्या त्या ठरल्या. तुम्ही स्टिअरिंगवर, शेजारी बाळू, कारण त्याचे पाय लांब. मी मागे, चिकूच्या क्रेटला टेकून. एसी तुम्हाला चालायचा नाही, समुद्राची हवा असताना कशाला, म्हणायचात. पुढच्या दोन्ही काचा पूर्ण खाली. मागच्या अर्ध्याच उतरायच्या. वाऱ्यात तुम्हा दोघांचं बोलणं उडून जायचं आणि मला दिसायच्या नुसत्या दोन माना, एक अंबाड्याची, एक टकलाकडे झुकलेली. हसताना दोन्ही एकदम हलायच्या. मी मागून ओरडून विचारायची, काय झालं? तुम्ही म्हणायचात, "काही नाही गं, जुनं आहे." तुमचं सगळंच जुनं होतं, माझ्या आधीचं.

त्या जागेवर बसून मला वास यायचा.

बरं, तोही रोज नाही. डहाणूला बाजाराला गेलो, गंजाडला रोपं आणायला गेलो, तर नाही. उधव्याला माझ्या माहेरी निघालो की हमखास. तलासरीला हायवे ओलांडेपर्यंत माझं डोकं धरलेलं असायचं, आणि आईच्या दारात मी उतरायची ती पिवळी पडून. आई बिचारी घाबरून विचारायची, "अगो, हिला खायलाबियला घालतात ना तिकडे?" घरात त्यावर विनोदच झाला, मीनाला माहेरचा वास येतो. मी म्हटलं, सासरी जाताना एखादी बाई नाटक करेल, माहेरी जाताना कोण करतं? हार मानणं तुमच्या रक्तात नव्हतं. "भास असतो," म्हणालात. आणि तुमच्या बाळूने मान डोलावली. वासाने डोकं दुखायचं, त्या डोलावलेल्या मानेने त्याहून जास्त.

मी काय काय करून पाहिलं, आठवतंय ना? गवत कापायच्या मशीनचा पेट्रोलचा कॅन तुम्ही डिकीत ठेवायचात, तो भांडून बाहेर काढायला लावला. पुढच्या उधव्याच्या फेरीला वास आलाच. पायाखालच्या मॅट साबणाने घासून उन्हात वाळत घातल्या. आला. आरशाला लिंबाच्या वासाची डबी टांगली, तर लिंबू आणि पेट्रोल मिळून असं काही रसायन झालं की अर्ध्या वाटेत गाडी थांबवून मला उतरावं लागलं. तेव्हा उधव्याहून परतल्यावर काही दिवसांनी तुम्ही गाडी आशागडच्या गॅरेजात नेलीत, मुद्दाम मला बरोबर घेऊन. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, पाइप चाचपले, नाक खाली नेलं. "काही नाही ताई, सगळं कोरडं आहे." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि एक शब्द बोलला नाहीत. न बोलता जिंकायची तुमची ती रीत मला सगळ्यात जास्त खुपायची.

एकदा दुपारी तुम्ही झोपला होतात तेव्हा मी गुपचूप किल्ली घेऊन गाडीत मागे जाऊन बसले. काचा बंद करून कुत्र्यासारखी हुंगत राहिले. चिकूचा वास आला, सीटच्या जुन्या कापडाचा आला, तुमच्या खोबरेल तेलाचा आला. पेट्रोलचा नाही. त्या दिवशी मला माझ्याच नाकाची शंका आली. उद्या म्हणतील बाई भ्रमिष्ट झाली, म्हणून त्यानंतर मी वासाचं नाव काढलं नाही, पदर नाकाला लावून मागे बसत राहिले. तुम्हाला वाटलं वाद मिटला.

तुम्ही गेलात त्या सकाळी हे ओक्साबोक्शी रडले. सासूबाई गेल्या तेव्हाही असे रडले नव्हते. मी तुमच्या उशाशी बसून दिव्यात तेल घालत होते, आणि मनात काय चाललं होतं सांगू? मी गेले तर हा माणूस एवढा रडेल का? आतून उत्तर आलं, नाही. मग मीही रडले. बायका म्हणाल्या, नणंद-भावजयीचं किती प्रेम बघा. थोडं तुमच्यासाठीही होतं ते, तुम्हाला म्हणून सांगते.

सुतक फिटलं तसा माझ्या भावाचा उधव्याहून फोन आला, "भावोजींना घेऊन ये, दुखवटा काढू." घरातलं माणूस गेलं की सोयऱ्यांनी आपल्याकडे नेऊन गोडाचा घास खायला घालायचा, ही आपली रीत. नाही म्हणता येत नाही. प्रश्न एवढाच होता की गाडी कोण चालवणार. मी तुमच्या खुंटीवरची किल्ली काढली. हे बघत होते. फाटकाबाहेर गाडी काढून मी आतूनच पुढचं डावं दार ढकलून उघडलं. हे दारापाशी आले, त्या सीटकडे बघत जरा उभे राहिले, मग दार हळूच लावलं आणि मागे जाऊन बसले.

म्हणजे तुम्ही गेल्यावरही ती शेजारची जागा तुमच्याच मालकीची. लग्नाची बायको गाडी चालवते आहे आणि नवरा मागे बसलाय, भाड्याने केलेल्या गाडीत बसावं तसा. मी गिअर असा टाकला की करकर झाली. पण चालली हो, वन्सं. हट्टी आहे म्हणायचात, तिने माझं मुकाट्याने ऐकलं.

लांब जायचं म्हणजे आधी झाईच्या पुढे हद्द ओलांडून गुजरातेतल्या पंपावर टाकी भरायची, हा तुमचा नेम. तिकडे स्वस्त पडतं म्हणून या पट्ट्यातले सगळेच जातात. पण एवढी वाट वाकडी केल्यावर टाकी नुसती भरून तुमचं समाधान व्हायचं नाही. नळी आपोआप बंद झाली तरी तुम्ही पंपवाल्याला म्हणायचात, "हलावो ने भाई, हजु जशे," म्हणजे हलव, अजून जाईल. मग तो मागून आणि तुम्ही बाजूने, पाळणा हलवावा तशी गाडी हलवायचात, मी आत बसलेली. आतले बुडबुडे फुटून आणखी थोडं मावायचं, अगदी गळ्यापर्यंत. पेट्रोल काठाशी चमकताना दिसलं की मगच तुम्ही झाकण लावायला द्यायचात. तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते लग्नकार्यातही मी पाहिलं नाही.

सवयीने मीही गाडी तिकडेच नेली. पंपवाल्याने गाडी ओळखली, मला नाही. "मोटां बेन नथी आव्यां?" त्याने विचारलं. मी आरशात पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, "बेन गुजरी गयां, भाई." तो नळी हातात धरून तसाच उभा राहिला. मग टाकी भरली, नळी बंद झाली, आणि मी काही म्हणायच्या आत तो गाडीच्या मागे गेला आणि एकटाच गाडी हलवायला लागला. थांबवता आलं असतं मला. नाही थांबवलं. आत तुमचा बाळू त्या हलत्या गाडीत डोळे मिटून बसला होता.

तलासरीच्या अलीकडे मागून हाक आली. "मीना."

"काय हो?" मी काच वर केली.

"पेट्रोलचा वास येतोय गं."

मी गाडी कडेला घेतली. कशी घेतली ते विचारू नका, मागच्या ट्रकवाल्याने मला दोन भाषांत शिव्या घातल्या. गाडी बंद करून मी मागे वळले.

"काय म्हणालात?"

"वास येतोय. केव्हाचा. डोकं धरलंय माझं."

"भास असेल," मी म्हटलं.

"भास कसला? खरंच येतोय. तू मागे येऊन बघ."

हे एक वाक्य ऐकण्यासाठी मी अर्धं आयुष्य मागे बसले होते, वन्सं. मी मागे येऊन बघायचं म्हणे. आणि ते वाक्य आलं कधी, तर ऐकायला तुम्ही नसताना. तुमचा एवढा राग मला कधी आला नव्हता. जिवंतपणी जिंकत राहिलात ते राहिलात, हरायची वेळ आली तेव्हा निघून गेलात.

मी मागे जाऊन त्यांच्या शेजारी बसले. होता. माझा जुना वास, तस्साच. पुढे त्यातलं काही नव्हतं. तिथे बसल्याबसल्या माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आज टाकी गळ्यापर्यंत भरली होती. उधव्याला निघालो की दर वेळी तशीच भरायची. डहाणू-गंजाड करताना ती अर्ध्यावर आलेली असायची. आशागडला गाडी नेली तेव्हाही, आणि त्या दुपारी मी हुंगत बसले तेव्हाही. आणि सगळ्यांनी शोधलं पुढे, बॉनेटखाली.

"उठा," मी ह्यांना म्हटलं. दोघांनी मिळून मागची सीट उचलली. खाली स्क्रूने बसवलेली एक पत्र्याची झाकणी होती आणि तिच्या कडेची धूळ काळी, ओली झाली होती. मी बोट लावलं आणि ह्यांच्या नाकाशी नेलं. त्यांनी तोंड फिरवलं. टाकीतल्या पंपाचं तोंड बरोबर तिथे असतं आणि त्याची रबराची रिंग कडक होऊन चपटी झाली होती, हे पुढे गॅरेजात कळलं. टाकी उतरली की कोरडं, तुडुंब असली की वळणावळणाला पेट्रोल वर येऊन पाझरायचं, थेट माझ्या बुडाखाली. पुढे बसणाऱ्यांना वारा लागत होता. त्यांना कुठून कळणार?

असं मी म्हणणार होते. तेवढ्यात सीट परत बसवताना तुमच्या सीटच्या पाठीमागच्या खिशातून आवळासुपारीचं पाकीट खाली पडलं. ते तिथे नेहमीच असायचं. आल्यागेल्यांसाठी ठेवलेलं असेल असं समजून मी मळमळायला लागलं की त्यातली तोंडात टाकायची. ह्यांनी पाकीट उचललं.

"दर वेळी घ्यायची ताई," हे म्हणाले. "पेट्रोल भरलं की लगेच, त्या पंपाच्या बाजूच्या दुकानातून. म्हणायची, मीनाला मळमळेल."

"म्हणजे त्यांना माहीत होतं?"

"असेल."

"मग मला भास होतो म्हणून का सांगायच्या? आणि तुम्ही मान काय डोलवायचात?"

हे रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वास येतो म्हटलं असतं तर तुला पुढे बसवायला लागलं असतं ना."

मी तिथेच रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. रडू येईल असं वाटलं होतं, पण हसू आलं. घरी दिवेलागणीनंतर आमच्या खोलीचं दार लागलं की तो माझा असायचा. तुम्ही पलीकडच्या खोलीत एकट्या रेडिओ लावून बसायचात, आवाज बारीक करून. तुमचा बाळू सलग, निवांत असा तुमच्या वाट्याला यायचा तो एवढाच, बोर्डी ते उधवा, आणि तोही माझ्या माहेरच्या निमित्ताने. ती सीट सुटली असती तर तुमच्याकडे काय राहिलं असतं? तुम्हीही जळत होतात तर. माझ्यावर कुणी जळावं असं माझ्याकडे काही आहे, हे तुम्ही मला कधी कळूच दिलं नाहीत, वन्सं. कळलं असतं तर मी मागे जरा ऐटीत बसले असते.

राग गेला असं समजू नका. माणसाला वर्षानुवर्षं पेट्रोलवर बसवायचं, खोटं पाडायचं, आणि वर न बोलता आवळासुपारी आणून ठेवायची, याला काय म्हणायचं? भांडावं तर सुपारी आठवते आणि गोडवे गावेत तर डोकं दुखायला लागतं. तुम्ही असतात तर मी ते पाकीट तुमच्या पुढ्यात आपटून विचारलं असतं. तुम्ही म्हणाला असतात, "सुपारी बाळूला आवडते म्हणून ठेवते." एवढं मला तुमचं उत्तर पाठ आहे.

पुढचा रस्ता मागे बसणं ह्यांना शक्य नव्हतं. वास सहन होईना म्हणून ते पुढे आले आणि माझ्या शेजारी बसले. तुम्ही नाकारलेल्या वासाने त्यांना माझ्या शेजारी आणून बसवलं. हायवे ओलांडला. मग हे म्हणाले, "मघाशी मी तुला बऱ्याच हाका मारल्या. तुला शेवटची तेवढी ऐकू आली. मागचं पुढे पोचतच नाही गं."

"मला सवय आहे," मी म्हटलं.

गिअरवर माझा हात होता, त्यावर त्यांनी हात ठेवला, आणि मला गिअर बदलायचा होता तरी मी तो बदलला नाही. उधव्याचा चढ गाडीने कण्हत काढला. भावाच्या दारात मी उतरले तेव्हा आई म्हणाली, "आज बरी दिसतेस गो." भावाने ह्यांना आम्रखंडाचा घास भरवला, त्यांनी खाल्ला, आणि ताटावरच पुन्हा रडले. या वेळी मी तुलना केली नाही. केली, पण थोडी.

टाकी उतरल्यावर तलासरीच्या गॅरेजात नवी रिंग बसवून घेतली. एवढीशी काळी रिंग, लहान मुलीच्या बांगडीएवढी. त्यानंतर मी मुद्दाम ह्यांना घेऊन गाडी गुजरातच्या पंपावर नेली आणि स्वतः खाली उतरून म्हटलं, "हलावो ने भाई." तो मागून, मी बाजूने. गळ्यापर्यंत भरली. मग मी मागच्या सीटवर बसून, काचा लावून हुंगलं. काही नाही. बाजूच्या दुकानातून आवळासुपारीचं पाकीट घेतलं, का ते मलाही सांगता येणार नाही.

खरी धाकधूक पुढे होती. आता वासाचं निमित्त उरलं नव्हतं. हे दुकानातून पाण्याची बाटली घेऊन आले, गाडीजवळ थांबले. मी स्टिअरिंगवर बसून आरशातून बघत होते, दार उघडून दिलं नाही, हाकही मारली नाही. त्यांनी मागच्या दाराच्या मुठीला हात लावला, मग सोडला. पुढे आले, बसले, पाय लांब केले आणि म्हणाले, "चल."

आता मागची सीट रिकामी असते. वास अजिबात येत नाही, विचारा बाळूला. बसा, वन्सं. आवळासुपारी माझ्या सीटमागच्या खिशात आहे.